तीन ते सहाची पाळी

मातीकामाच्या क्लासातल्या ताईंनी ‘लाकडाच्या भट्टीला कोण कोण येणार?’ असं विचारलं तेव्हा मी उत्साहानं हात वर केला. हुरडा पार्टीसारखंच काहीतरी असेल, शेकत बसायचं, असा माझा समज.

डोणज्याच्या पुढे, सिंहगडाच्या पायथ्याशी आम्ही नऊजण जमलो. पहिला दिवस भांडी रचण्यात गेला. प्रत्येकाच्या बुडाला पांढऱ्या मातीच्या गोळ्या लावायच्या, नाहीतर भांडं फळीला कायमचं चिकटतं. दोन भांड्यांत बोटभर अंतर हवं. पण कोथरूडच्या काकूंना सवय पीएमटीच्या बसची. ‘सरकवा की जरा!’ म्हणत त्यांनी आपली बरणी माझ्या मगाला खेटून बसवली. मग विटांनी दार बंद करून वरून चिखल लिंपला.

गंमत म्हणजे या भांड्यांना ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, लावायचाच नसतो. लाकडाची राख ज्वाळेबरोबर उडून त्यांच्यावर बसते आणि साडेबाराशे अंशांच्या आसपास वितळून तिचीच काच होते. एवढ्यासाठी गॅसची सुखाची भट्टी सोडून दर चार-पाच मिनिटांनी लाकूड टाकायचं, दीड दिवस, पाळ्या लावून. आत दहा नंबरचा कोन ठेवतात, करंगळीएवढा मातीचा सुळका. १३०० च्या जवळपास तो मान टाकतो. तो वाकला की आपली सुटका.

ग्रुपवर उशिरा उत्तर दिल्यामुळे मला पहाटे तीन ते सहा मिळाली. तापमानाचा काटा ११८० वर अडलेला. ‘काका, दोन तास तिथंच आहे. बघा काही जमलं तर,’ असं म्हणून आयटीतला पोरगा झोपायला गेला.

मी जन्मानं सदाशिव पेठेतला, त्यामुळे मला सगळ्यातलं कळतं. लाकूड वाढवलं. ११७२. अजून वाढवलं. ११६०. चिमणीतून काळा धूर. झोपलेला प्रत्येकजण पांघरुणातून एकेक सल्ला देऊन कूस बदलत होता. ‘चिमणीची फळी ओढा!’ ‘ओढू नका, ढकला!’ काकूंनी तर ‘अहो, घरी कुकर लावता ना?’ असं विचारलं. घरी मी फक्त शिट्ट्या मोजतो. त्याही चुकतात.

साडेचारला लाकडाच्या ढिगाला पाठ टेकली. नुसती टेकली. जाग आली ती ताईंच्या आवाजानं. ‘काका, ११९५! काटा हलला! काय केलंत?’

घोरलो होतो, दुसरं काय! चुलीत निखारे इतके साठले होते की हवेला वाटच नव्हती. माझा हात थांबला, निखारे जळून खाली बसले आणि भट्टीला वारा लागला. हे ताईंनीच सगळ्यांना समजावलं आणि ‘याला धीर लागतो,’ म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं. मी नम्रपणे मान खाली घातली. गालावर फळकुटाचे वळ उठले होते. नामदेवांचंही मडकं कच्चं ठरवणारे गोरोबाकाका तिथं नव्हते, हे माझं नशीब.

दुपारी उशिरा कोन वाकला. पुढचे तीन दिवस भट्टी निवायला. घाईनं उघडली तर भांडी तडकतात, तरी काकू रोज ‘एक वीट काढून बघूया का?’ विचारत होत्या.

चौथ्या दिवशी माझा मग निघाला. खांद्यावरून हिरवट मधासारखा ओघळ उतरलेला, दृष्ट लागावी असा. तो ओघळ सरळ काकूंच्या बरणीवर गेला होता आणि दोघं एकजीव. छिन्नीनं सोडवता आलं असतं, पण फुटलं तर कुणाचं फुटणार यावर एकमत होईना.

सध्या ते जोडपं पंधरा दिवस कोथरूडला असतं, पंधरा दिवस आमच्याकडे. काकू त्यांच्या पंधरवड्यात बरणीत लोणचं भरतात. माझ्या पंधरवड्यात मी चहा पितो आणि प्रत्येक घोटाला बरणी कपाळावर आपटते.