‘आपल्या माणसाला लावलं तर बिघडलं कुठं?’ या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या पेठांच्या, तालमींच्या आणि गावाकडच्या भावकीच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सरकारी खात्यात वरच्या खुर्चीवर बसलेल्यानं आपल्या पै-पाहुण्याला नोकरीला लावलं तर त्यात काही गैर नाही, असं त्याचं म्हणणं. कारणं अशी: डॉक्टरचा मुलगा डॉक्टर होतोच की. शाहू महाराजांनीही आपलीच माणसं घेतली. अनुकंपा म्हणजे तरी दुसरं काय? नात्यातला माणूस दगा देत नाही. आणि पाहुणा पात्र असेल तर त्यानं अर्जच करायचा नाही का? अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत बसणारी मुलंसुद्धा हा मेसेज पुढं पाठवतायत, हे मला फार लागलं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

डॉक्टरचं उदाहरण इथं लागूच होत नाही. त्याचा मुलगा आधी स्वतः परीक्षा पास होतो, मग बापाच्या दवाखान्यात बसतो, आणि तो दवाखाना बापाच्या मालकीचा असतो. जिल्हा परिषदेतली लिपिकाची जागा कुठल्याच साहेबाच्या मालकीची नाही. घटनेचं कलम १६ सरकारी नोकरीत समान संधी देतं आणि ज्या कारणांवरून भेदभाव करता येत नाही त्यात धर्म, जात, लिंग यांच्या जोडीला ‘कूळ’ही घालतं. आंध्रात गावचं पद एकाच घराण्यात ठेवणारी जुनी तरतूद सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये याच कलमावर रद्द केली.

शाहू महाराजांचं नाव या कामासाठी वापरलेलं मात्र सहन होत नाही. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यानं करवीर संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखल्या. तो हुकूम गॅझेटात छापून सगळ्यांसमोर आला. त्यातून नोकरीत आले ते दरबाराचे पाहुणे नव्हते. ज्यांच्या घरात कधी कुणी सरकारी कागद हाताळला नव्हता, असे ते लोक होते. त्याहून मोठी गोष्ट १९१८ ची. कुलकर्णी वतन, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारं गावचं दप्तर, महाराजांनी बंद केलं आणि पगारी तलाठी नेमले. पिढीजात हक्कानं मिळणारी खुर्ची याच मातीत, याच राजानं मोडून काढली. मेसेज लिहिणाऱ्यानं हा इतिहास वाचला असता तर महाराजांचं नाव घेतलं नसतं.

अनुकंपाबद्दल थोडं सबुरीनं बोलायला हवं, कारण त्यामागं एखाद्या घराचं दुःख असतं. कर्ता माणूस सेवेत असताना गेला तर घर उघड्यावर पडू नये म्हणून ही सोय आहे. ती क आणि ड गटापुरतीच, ठरलेल्या नियमानं आणि प्रतीक्षा यादीच्या क्रमानं मिळते. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्येच स्पष्ट केलं की हा वारसाहक्क नाही, अचानक कोसळलेल्या संकटातली मदत आहे. सफाई कामगारांच्या वारसांसाठी लाड-पागे समितीच्या शिफारशी आहेत. ज्या कामाला दुसरं कुणी हात लावत नव्हतं, ते पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यांसाठी केलेली ती तरतूद. दोन्हीकडं शासनाचा लेखी नियम आहे, एका साहेबाची मर्जी नाही.

आता विश्वासाचं. भाच्याचा विश्वास मामावर असतो, पण उताऱ्यासाठी हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? भाचा उशिरा आला तरी मस्टरवर लाल रेघ ओढायला कुणी धजत नाही. त्याच्या टेबलावरच्या फायली शेजारचा लिपिक मुकाट्यानं उरकतो, कारण त्याचा स्वतःचा गोपनीय अहवाल मामाच्या हातात असतो. तक्रार करायची कुणाकडं? मामाकडंच. एका नेमणुकीनं सगळी शाखा गप्प होते. चांगलं काम करणाऱ्याला कळून चुकतं की इथं बढती कामानं मिळणार नाही, आणि तोही हात आखडता घेतो. हे नुकसान कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

शेवटचा मुद्दा खरा आहे, आणि मी तो मान्य करतो. पात्र पाहुण्यानं जरूर अर्ज करावा, नातं हा काही गुन्हा नाही. पण मग खुर्चीवरच्यानं उठायचं. खासबागेच्या कुस्ती मैदानात पोरगा लढत असेल तर बापानं पंच म्हणून उभं राहू नये, इतकं हे साधं आहे. वनसेवेच्या एका निवडीत मंडळावर बसलेला अधिकारी स्वतःच उमेदवार होता. आपल्या नावाच्या वेळी तो बाजूला झाला होता, तरीही सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये ती निवड रद्द केली. पक्षपात झालाच हे सिद्ध करायची गरज नाही, तशी रास्त शक्यता असली तरी पुरे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. १९८५ मध्ये हरियाणा लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात सांगितलं गेलं की नातेवाईक मुलाखतीला आला तर त्या सदस्यानं त्या वेळी बाहेर जावं. ‘साहेबांनी काही केलं नाही, पुरावा दाखवा’ या नेहमीच्या बचावाला एवढं उत्तर पुरेसं आहे.

बरं, आज वशिला परीक्षेच्या जागांपेक्षा कंत्राटी जागांवर जास्त चालतो. तिथं पेपर नसतो, माणसं पुरवणारी एजन्सी असते, आणि ‘आम्ही कुठं नेमलं, एजन्सीनं घेतलं’ म्हणून हात झटकता येतात. पण महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ नेमकं हेच अडवतात. कुटुंबातल्या माणसाला खासगी कंपनीत किंवा फर्ममध्ये नोकरी मिळवून देण्यासाठी पदाचं वजन वापरता येत नाही. आणि ज्या फर्ममध्ये घरचा माणूस आहे, तिचं कंत्राट स्वतः हाताळायचं नसतं, ते प्रकरण वरिष्ठांकडं सोपवायचं असतं.

त्यामुळं हा मेसेज पुढं ढकलण्यापेक्षा माहिती अधिकाराचा एक अर्ज लिहा. आपल्या तालुक्यातल्या कार्यालयात मागच्या भरतीची जाहिरात कधी निघाली, निवड समितीवर कोण होतं, त्यांच्यापैकी कुणी उमेदवाराशी नातं असल्याचं लेखी कळवलं का, आणि एजन्सीचं बिल कुणाच्या सहीनं मंजूर झालं, एवढंच विचारा.