कौतुक पुरे झाले, आता ओरडा

रविवारी आमच्या पियानोच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम झाला आणि त्यात सर्वांत जास्त टाळ्या मला पडल्या, हा अपमान मला अजून पचलेला नाही. माझ्या आधी तिसरी-चौथीतल्या एका मुलाने मी वाजवणार होते तोच जी मेजरमधला मिन्युएट, म्हणजे जुन्या युरोपीय नाचाच्या चालीची छोटी रचना, अगदी स्वच्छ वाजवला आणि त्याच्या वाट्याला रीतसर, मोजक्या टाळ्या आल्या. माझा डावा हात मात्र दुसऱ्या भागात उजव्याशी अबोला धरून बसला, मागच्या रांगेतून कोणीतरी ‘वा, मावशी!’ म्हणून ओरडले, आणि शेवटचा स्वर कसाबसा लागताच अर्धे सभागृह उठून उभे राहिले. त्यातच सूत्रसंचालिकेने ‘वय हा केवळ आकडा असतो’ हे सुभाषित माइकवरून ऐकवले आणि वर रचना थोर जर्मन संगीतकार बाखची असल्याचेही ठोकून दिले. बाखच्या पत्नीच्या १७२५ सालच्या वहीत ती आहे एवढेच. ती त्याच काळातल्या क्रिस्टियान पेट्झोल्ड या संगीतकाराची आहे हे संशोधकांनी सिद्ध करून कित्येक वर्षे लोटली. पण मावशींचे कौतुक करायचे असताना असल्या तपशिलांना कोण विचारतो?

खरा राग सरांचा आहे. त्या मुलाने एफ शार्पऐवजी, म्हणजे अर्ध्या स्वराने चढ्या एफऐवजी, साधा एफ वाजवला की सर तिथल्या तिथे थांबवतात, हात वेगवेगळे करून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून घेतात आणि बोटांचे क्रमांक पेन्सिलीने गिरवून देतात. मी तीच चूक केली की ते खिडकीबाहेर पाहत ‘छान, छान, या वयात एवढे जमते हेच खूप’ असे म्हणतात. फी मात्र दोघांना सारखीच आहे.

घरचेही काही कमी नाहीत. ‘त्यापेक्षा पेटी शिकली असतीस तर भजनाला तरी उपयोग झाला असता,’ हे वन्संचे वाक्य प्रत्येक सणाला ठरलेलेच. जीला सा मानले तर मिन्युएटची सुरुवात म्हणजे सरळसरळ प सा रे ग म प सा सा, हे मलाही कळते आणि आमच्या भजनी मंडळातली कोणतीही बाई ते पेटीवर एका दुपारी बसवील. परंतु पेटीवर डाव्या हाताने भाता हलवला की भागते. इथे त्याला त्याच वेळी दुसरेच काही वाजवायचे असते, तेही बेस क्लेफमध्ये, म्हणजे खालच्या स्वरांसाठीच्या ओळींत, जिथे प्रत्येक स्वर वरच्या ओळींपेक्षा निराळ्या जागी लिहिलेला असतो. अनामिका एकटी उचलायला गेले की शेजारची बोटे सोबत निघतात, आणि करंगळीचे तर नावच काढायला नको. त्यात ‘नवशिक्यांना एवढे पुरते’ असे सांगून ६१ पट्ट्यांचा, हाताला वजनच न लागणारा कीबोर्ड माझ्या गळ्यात मारणारा तो दुकानदार आणि चुकीच्या स्वरालाही तारे वाटणारे ते मोबाइलवरचे अॅप! सगळे एका माळेचे मणी.

हे लिहिताना लक्षात येते आहे की उभ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या म्हणून संतापणारी बाई पुण्यात मी एकटीच असेन. नातवंडे खेळवण्याच्या वयात ‘मला कोणी ओरडत नाही’ म्हणून रुसून बसणे शोभत नाही, असे आमचे हे म्हणाले. तेही त्या दिवशी उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्यांतच होते, तेव्हा त्यांच्या मताला मी किंमत देत नाही.

दुसऱ्या भागात सी शार्प येतो, म्हणजे आपला तीव्र मध्यम. माझा डावा हात नेमका तिथेच अडतो आणि ते सरांना पक्के ठाऊक आहे. येत्या तासाला त्यांनी लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावावा, तेवढ्याच ओळी माझ्याकडून घोटून घ्याव्यात आणि चुकले की त्या मुलाला थांबवतात तसे मलाही थांबवावे. पुन्हा एकदा ‘छान’ ऐकू आले, तर या महिन्याची फी मी त्या मुलाच्या हातावर ठेवीन आणि त्याच्याकडेच शिकायला बसेन.