बाळाच्या नागरिकत्वाला एका वर्षाची मुदत कशासाठी?

परदेशात राहणाऱ्या कुणाला बाळ झालं की अभिनंदनाच्या मेसेजसोबत मी हल्ली एक प्रश्न विचारतेच : कॉन्सुलेटमध्ये, म्हणजे तिथल्या भारतीय वकिलातीत, जन्माची नोंद केलीत का? कुणी म्हणतं, "हॉस्पिटलचा दाखला मिळालाय की." कुणी म्हणतं, "बघू, जरा सावरू दे." आणि एक उत्तर ठरलेलं असतं : "ताई, आम्ही दोघंही भारतीय. म्हणजे बाळ भारतीयच. त्यात नोंद काय करायची?"

हे उत्तर एके काळी बहुतेकांच्या बाबतीत खरं होतं. आज ते खरं नाही, आणि ही गोष्ट कितीतरी शिकल्यासवरल्या आईबापांना ठाऊक नसते.

नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्याच्या चौथ्या कलमात परदेशात जन्मलेल्या मुलांबद्दल लिहिलेलं आहे. पूर्वी वडील जन्माने भारतीय असतील, तर मूल कुठेही जन्मलं तरी आपोआप भारतीय ठरायचं. वकिलातीत नोंद झाली तर उत्तम, नाही झाली तरी त्याचं नागरिकत्व अडत नव्हतं. ३ डिसेंबर २००४ पासून हे बदललं. आता जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद झाली, तरच मूल वंशपरंपरेने भारतीय नागरिक होतं. वर्ष उलटलं, तर केंद्र सरकारची परवानगी आणावी लागते. शिवाय बाळाकडे दुसऱ्या कुठल्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आईवडिलांनी लिहून द्यायचं.

म्हणजे आधी जी नुसती नोंद होती, ती आता अट झाली. माझा राग आहे तो या बदलावर.

वर मी "वडील" लिहिलं, ते मुद्दाम. १९९२ पर्यंत कायद्यात फक्त वडीलच होते. भारतीय बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं आणि बाळ तिकडे झालं, तर आईच्या नात्याने त्या बाळाला भारतीय नागरिकत्व मिळत नव्हतं. प्रजासत्ताक होऊन बेचाळीस वर्षं झाली तरी आईचं नागरिकत्व मुलापर्यंत पोचत नव्हतं! १० डिसेंबर १९९२ ला दुरुस्ती लागू झाली आणि "आई किंवा वडील" असं झालं. त्याच महिन्यात भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्याच्या सातव्या कलमात प्रत्येक बाळाला जन्मतःच नोंदणीचा, नावाचा आणि राष्ट्रीयत्वाचा हक्क दिलेला आहे. बारा वर्षं हे छान चाललं. मग २००४ ची अट आली.

आमची मुलगी शारजात जन्मली, २०१७ साली. आखातात जन्मल्याने तिथलं नागरिकत्व मिळत नाही, हे तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. अमिरातीत बाळाचा रेसिडेन्स व्हिसा काढायला १२० दिवस मिळतात, आणि पासपोर्टशिवाय व्हिसा नाही. त्यामुळे सगळे लगबगीने कामाला लागतात. अर्जावर आईवडील दोघांच्या सह्या, दोघांचे पासपोर्ट, इंग्रजी जन्मदाखला, विवाहनोंदणीचा दाखला, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो. तीन आठवड्यांच्या बाळाने डोळे उघडे ठेवून सरळ बघायचं! आम्ही पलंगावर पांढरी चादर ताणून तिला त्यावर निजवलं, सासूबाई खुळखुळा वाजवत उभ्या आणि हे खुर्चीवर चढून फोटो काढताहेत. सहीच्या जागी अंगठा, मुलाचा डावा, मुलीचा उजवा. त्या मुठी किती घट्ट असतात ते ज्यांनी उघडून बघितल्यात त्यांना कळेल. शाई अंगठ्याला लागण्याआधी दुपट्याला लागली. तो निळसर ठसा बघून मला भरून आलं होतं, कारण तिच्या आयुष्यातली पहिली सही होती ती, आणि ती आपल्या देशाच्या कागदावर होती.

आमचं सुरळीत झालं, कारण नवऱ्याला नोकरी होती, व्हिसा चालू होता, विमा होता, लग्नाचा दाखला हाताशी होता. अशांसाठी एक वर्ष पुष्कळ आहे. मला बोलायचंय ते बाकीच्यांबद्दल.

आमच्याच इमारतीत कोकणातलं एक जोडपं होतं. त्याची कंपनी बंद पडली, व्हिसा संपला, रोजचा दंड चढत गेला. बायको तेव्हा सात महिन्यांची. बाळंतपण एका खासगी रुग्णालयात झालं. बिल पूर्ण भरता आलं नाही, म्हणून जन्माचे कागद अडले. कागद नाहीत म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून वकिलातीत अर्ज नाही. बाहेर पडलं तर पकडले जाऊ, या भीतीने ती माउली बाळाला लस द्यायलासुद्धा धजावत नव्हती. बाळाचा पहिला वाढदिवस आम्ही शेजाऱ्यांनी केक आणून साजरा केला. त्या दिवशी कायद्याने दिलेली मुदतही संपली होती, हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. व्हिसा संपलेल्यांसाठी अमिराती सरकारने आणलेल्या २०१८ च्या माफी योजनेत दंड माफ झाला, समाजातल्या लोकांनी वर्गणी काढून बिल मिटवलं आणि मायलेकरं परतीच्या मार्गाला लागली. पण परवानगीचे कागद होईपर्यंत ते लेकरू कुठल्या देशाचं होतं? अमिरातीचं नव्हतं. भारताच्या नोंदीतही नव्हतं. आईबाप दोघंही रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले, आणि पोर बिनदेशाचं!

अशी माणसं अपवाद नसतात. अमिरातीत कुटुंब आणायचं तर पगार किमान ४,००० दिरहम लागतो, किंवा ३,००० आणि राहायची जागा. त्याखालच्यांच्या बायका व्हिजिट व्हिसावर येतात, कधी बाळंतपण तिथेच होतं, विमा नसतो. तिथल्या सरकारने २०२४ मध्ये पुन्हा माफी योजना आणली, तेव्हा तिथे जन्मून कागदाविना राहिलेल्या मुलांचीही सोय त्यात केली होती. आपल्या कायद्यानेही एवढं मन मोठं करायला हरकत नाही.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो : मुदत नसेल तर उद्या कुणीही येऊन म्हणेल, मी भारतीयाचं मूल आहे. चिंता रास्त आहे. पण ती पुराव्याची चिंता आहे, वेळेची नव्हे. पुरावे कडक मागा. आईबापांचे पासपोर्ट बघा, रुग्णालयाच्या नोंदी तपासा, शंका आली तर डीएनए चाचणी करा. नातं खरं असेल तर ते तेराव्या महिन्यातही खरंच असतं. उशीर आईबापांनी केलेला असतो, बाळाने नाही. उशिराबद्दल दंड घ्यायचा तर आईबापांकडून घ्या. नागरिकत्व मात्र जन्मासोबतच यायला हवं आणि नोंद हा त्याचा दाखला असावा, जसं २००४ च्या आधी बहुतेकांसाठी होतं. राष्ट्रहीनता कमी करण्याच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील नाही. म्हणून तर आपल्या कायद्याने ही फट स्वतःहून बुजवायला हवी.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर जे पोटुशी आहेत किंवा ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं सांगते.

आपल्या मराठी लोकांचं सगळ्यात जास्त अडतं ते नावांत. आईच्या पासपोर्टवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, कुणाचं तर पहिलं नावही बदललेलं, आणि मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं. अरबी दाखल्याचं इंग्रजी होताना स्पेलिंग आणखी बदलतं. हे सगळं बाळंतपणाच्या आधी जुळवून घ्या. लग्नपत्रिका आणि अल्बम म्हणजे विवाहनोंदणी नव्हे, तो दाखला गावी असतानाच काढा. बाळाचं नाव बारशापर्यंत राखून ठेवायची हौस मी समजू शकते, पण दाखल्यावर घालायचं पूर्ण नाव स्पेलिंगसकट आधीच ठरलेलं बरं. पासपोर्टबरोबर जन्मनोंदणीचा अर्जही गेलाय ना, हे खिडकीवर विचारून घ्या आणि त्या नोंदीचा दाखला पासपोर्टइतकाच जपा. पासपोर्ट नवे होत राहतात, जन्माची नोंद एकदाच होते.

भारतात परत आल्यावर काही जण नगरपालिकेत जन्म नोंदवतात. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या विसाव्या कलमात तशी सोय आहे : वकिलातीकडून नोंद आलेली नसेल आणि कुटुंब कायमचं राहायला आलं असेल, तर बाळ भारतात आल्यापासून साठ दिवसांत. चांगली सोय आहे, पण ती जन्माची नोंद झाली. नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ खालची वकिलातीतली नोंद वेगळी, आणि एकीने दुसरीचं काम होत नाही. पुढे बारावीनंतर सीईटीच्या प्रवेशाला राष्ट्रीयत्वाचा पुरावा मागतात. जन्मस्थळ दुबई किंवा मस्कत असलेली मुलं तेव्हा राष्ट्रीयत्वाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्राच्या रांगेत उभी राहतात आणि "जन्म इथला नाही" हे ऐकून परत फिरतात. चालू भारतीय पासपोर्ट किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर "भारतीय" असा स्पष्ट उल्लेख असेल तर तेही चालतं, म्हणून शाळेत नाव घालतानाच तो रकाना नीट भरून घ्या.

अमेरिकेतल्या मित्रमैत्रिणींचा प्रश्न वेगळा आहे. तिथे जन्मलेलं बाळ तिथलं नागरिक होतं आणि बहुतेक जण अमेरिकन पासपोर्ट काढून मग ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, घेतात. तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या बाळांना जन्माने नागरिकत्व नाकारणारा ट्रम्प यांचा २० जानेवारी २०२५ चा आदेश आला तेव्हा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माझ्या दोन मैत्रिणींनी प्रथमच विचारलं की, आपल्या वकिलातीत नोंद कशी करतात. कोर्टांनी तो आदेश अडवला, पण इतकी वर्षं गृहीत धरलेली गोष्ट एका सहीने हलू शकते, हे त्यांनी त्या आठवड्यात अनुभवलं.

ज्यांच्या बाळाचं वर्ष उलटून गेलंय, त्यांनी घाबरून गप्प बसू नका. परवानगीची वाट कायद्यातच ठेवलेली आहे. उशीर का झाला ते लेखी द्या, रुग्णालयाचे आणि व्हिसाचे जुने कागद फेकू नका, आणि अर्ज वकिलातीतूनच करा, एजंटाच्या हातात मूळ कागद देऊ नका. कुणाला अर्ज भरताना अडलं तर इनबॉक्समध्ये लिहा, मला जेवढं माहीत आहे तेवढं नक्की सांगेन. आणि ही पोस्ट आखातात असलेल्या तुमच्या गाववाल्यांच्या ग्रुपवर टाका, विशेषतः जिथे कामगार मंडळी आहेत तिथे.