गाडीच्या सीटला पाणी दाखवू नका

येळवस, म्हणजे शेतात जाऊन साजरी करायची वेळ अमावस्या, झाल्यावर चार दिवसांनी काल सकाळी गाडी साफ करायला घेतली. लातूरजवळच्या औशाकडच्या शेतातून येताना मागच्या सीटवर आई, बायको, लेक आणि त्यांच्या मध्ये आमची कुत्री भुरी बसली होती. पायाखाली काळी माती, कडब्याची पाती, भज्जीचं रिकामं पातेलं. खड्ड्यात गाडी आपटली तेव्हा आंबिलीची बिंदगी हिंदकळली आणि वाटीभर आंबील मॅटवर सांडली. सीट काळ्या कापडाच्या, भुरी पांढुरक्या-पिवळ्या अंगाची, गावठी. मागचं दार उघडल्यावर काय दिसलं असेल ते सांगायला नको.

शेजारचे काका म्हणाले, "वॉशिंग सेंटरला दे की, आतबाहेर चकाचक करून देतेत." मी दिली नाही, आणि का दिली नाही तेच आज लिहितोय. आपल्याकडे घरोघरी आता कुत्री-मांजरं आहेत आणि गाडीही आहे. पण गाडीच्या आत पाणी मारणं म्हणजे साफसफाई, ही समजूत काही जात नाही.

तीन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात मी अशीच गाडी एका ठिकाणी 'इंटेरिअर क्लिनिंग'ला दिली होती. नाव घेत नाही, पोरं कामसू होती. त्यांनी शाम्पूचा फेस केला, सीट भिजेपर्यंत चोळल्या, खाली कार्पेटवर गननं पाणी मारलं आणि वरून डॅशबोर्डला तेलकट पॉलिश लावलं. संध्याकाळी गाडी चमकत होती. चौथ्या दिवशी दार उघडलं तर आत ओल्या पोत्याचा वास. कार्पेटचा कोपरा उचलून पाहिला तर खालचा नमदा चिंब. पिळला तर पाणी गळत होतं. गाडीचं कार्पेट म्हणजे नुसतं वरचं कापड नसतं. त्याच्याखाली आवाज आणि उष्णता अडवायला जाड नमदा किंवा फोम असतो. तो एकदा प्याला की पावसाळ्यात आठ-आठ दिवस वाळत नाही. वायरींचे जुडगेही त्याच्याखालूनच जातात. आणि भुरीचे केस? ते निघालेच नव्हते. ओले होऊन कार्पेटच्या धाग्यात लगदा होऊन बसले होते. आईला दमा आहे. तो महिनाभर तिला मी गाडीत बसवू शकलो नाही. ती स्वतःच म्हणायची, "नगं रे बाबा, गाडीत बसलं की छाती भरून येती." तिचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

लोक म्हणतात आईला दमा आहे तर कुत्रं कशाला पाळता. ॲलर्जी मुळात केसाची नसते. कुत्र्याच्या कातडीचा कोंडा आणि लाळ यांतल्या प्रथिनांची असते, केस ते घेऊन फिरतो. म्हणून केस आणि कोंडा दोन्ही काढायचे असतात, आणि ते कोरड्यानंच निघतात. भिजवलं की कोंडा आत मुरतो, वर बुरशीला जागा मिळते. दम्याच्या माणसाला बुरशी कुत्र्यापेक्षा कमी छळत नाही.

आता केस निघत का नाहीत ते बघा. गावठी कुत्र्याचा बारीक आखूड केस लांब केसापेक्षा वाईट. तो सरळ, ताठ असतो, सुईसारखा कापडाच्या विणीत शिरतो. त्याच्या अंगावर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म पापुद्रे असतात, त्यामुळे आत सहज जातो पण उलटा येताना अडतो. दुसरं कारण आपल्या हवेत आहे. डिसेंबर-जानेवारीत लातूरची हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढताना तडतड आवाज येतो. तेच सीटवर होतं. पॉलिएस्टरचं कापड, त्यावर घासणारं कुत्रं, आणि तयार होणारा विद्युतभार. केस कापडाला ओढले जातात. व्हॅक्यूम कितीही ताकदीचा असला तरी वरवरची धूळ घेतो आणि हा केस तिथंच राहतो. त्याला आधी मोकळा करावा लागतो, आणि ते काम रबर करतं.

मी बाजारातलं काही वापरलं नाही. सायकलची जुनी ट्यूब घेतली, वीतभर तुकडा कापून उभा चिरला, आतली पांढरी पावडर साबणानं धुऊन वाळवली आणि लाकडाच्या ठोकळ्यावर ताणून चार चुका (बारीक खिळे) मारल्या. चुका बाजूला, घासायच्या तोंडाला नाही, नाहीतर कापड फाटेल. हा ठोकळा सीटवर ठेवून स्वतःकडे ओढायचा. पुढं-मागं घासायचं नाही, एकाच दिशेनं, वीतभर अंतराचे आखूड झटके. पहिल्या तीन-चार ओढीत काही दिसत नाही. मग एकदम कापडातून केस वर यायला लागतात आणि ठोकळ्यापुढे त्यांची वळकटी तयार होते, सरकीवरून निघालेल्या कापसासारखी. ती बोटानं उचलायची, पुन्हा ओढायचं. एका सीटला पाऊण तास लागला. शिवणीतून निघालेले केस वेगळेच, तिथं दात घासायचा जुना ब्रश. सगळं मिळून दोन्ही मुठी भरतील एवढा गोळा झाला. लेकीनं तो हातात घेऊन विचारलं, "पप्पा, ही दुसरी भुरी का?"

उरलेल्या हट्टी केसांसाठी फवाऱ्याच्या बाटलीत तांब्याभर पाणी आणि कपड्याच्या कंडिशनरचे थोडे थेंब. धुकं पडल्यासारखा एक फवारा, मिनिटभर थांबायचं. विद्युतभार उतरतो आणि केस पकड सोडतात. हात फिरवल्यावर बोटं ओली झाली तर पाणी जास्त झालं, असं समजा. डिकीच्या जाड कार्पेटला टाच घासायचा खरखरीत दगड हलक्या हातानं चालतो. सीटच्या कापडाला तो लावू नका, गोळे उठतात.

सीटखाली हात घालताना एक गोष्ट माझ्यासाठी लक्षात ठेवा. साइड एअरबॅग असलेल्या गाड्यांत पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर असतो. तो ओढू नका, काढू नका. सीट आधी पूर्ण पुढे सरकवून मागचं साफ करा, मग पूर्ण मागे सरकवून पुढचं. छताच्या कापडाला तर घासूच नका, ते डिंकानं चिकटवलेलं असतं, भिजलं की लोंबायला लागतं.

काळ्या मातीचं आपल्याला वेगळं सांगायला नको. ती ओली असताना पुसायला गेलं की पसरते, चिकटते. पाणी पिऊन फुगणारी, वाळली की भेगाळणारी माती ती. पूर्ण वाळू द्या, मॅट उलटा करून मागून थापा, ढेपळं आपोआप पडतात. मी चार दिवस थांबलो ते याच्यासाठी. आंबिलीला मात्र थांबायचं नसतं. ताक आणि ज्वारीचं पीठ, आंबट होत जातं. सांडल्या सांडल्या सुती फडक्यानं टिपून घेतलं होतं, घासलं नव्हतं. काल त्यावर खायचा सोडा पसरून दुपारभर ठेवला आणि व्हॅक्यूमनं ओढला. वास गेला. मॅट काढून बाहेर धुतला, तेवढंच पाणी.

वासासाठी डांबर गोळ्या आणि कापूर गाडीत ठेवायची आपल्याकडे फार सवय आहे. घरात कुत्रं असेल तर ठेवू नका. दोन्हींपैकी काहीही त्याच्या पोटात गेलं तर विष आहे. मांजर असेल तर फिनाइलही नको. ज्यांना एसी लावला की शिंका येतात, त्यांनी ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघावा, बहुतेक गाड्यांत तो तिथंच असतो. माझ्या फिल्टरवर भुरीच्या केसांचा आणि सोयाबीनच्या भुश्याचा थर होता. वर्षभर मी आईला त्याच्यातली हवा देत होतो.

आता पाण्याचं बोलतो, कारण मला खरं तेच टोचतं. प्रेशर गनमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज जातं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. आमच्या गल्लीत पाण्यासाठी रात्रीचे नंबर लागत. आई तेव्हा भांडी धुतलेलं पाणी तुळशीला घालायची, आजही घालते. त्या बाईच्या पोरानं गाडीच्या सीट धुवायला पाणी ओतावं, हे मला आता पटत नाही. काल सगळ्या गाडीला आतबाहेर अर्धी बादली लागली. त्याच बादलीत पंचा, पिळून पुसायचं, बस्स.

सेंटरवरच्या पोरांनाही मी दोष देणार नाही. त्यांना गाडीमागे पैसे मिळतात, वेळेमागे नाही. कोरड्यानं केस काढायला तीन-चार तास जातात आणि आपण त्याच दोन-तीनशेत घासाघीस करतो, मग ती पोरं पाणीच मारणार. लातुरात कुणी आत पाणी न मारता हातानं करून देणार असेल तर तीन तासांची मजुरी मी आनंदानं देईन. खाली लिहा, चार जणांना पाठवेन.

भुरी गाडीत बसणारच. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तिला दाखवायला नेतो तेव्हा ती सगळा रस्ता आईच्या मांडीवर डोकं ठेवून असते. तिला उन्हात बंद गाडीत मात्र कधीच सोडायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा. आता निघायच्या आधी दहा मिनिटं अंगणात तिला विंचरतो, तेवढ्यानं निम्मे केस घरीच राहतात. आणि सीटवर आईची जुनी वाकळ. सुती कापडावर विद्युतभार कमी, केस तिलाच चिकटतात, उतरलं की झटकली.

काल मी ठोकळा ओढत होतो तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली. "काय करूलालास रं सकाळधरनं?" मग स्वतःच मागं बसली, दार ओढून घेतलं, दोन-तीनदा लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "आता चालतंय." पुढच्या रविवारी मेव्हण्याची गाडी आहे, त्याच्याकडे दोन मांजरी. येताना सायकलची जुनी ट्यूब घेऊन ये म्हणून सांगितलंय.