‘ऑगस्टा’ म्हणजे सम्राटाची बायको नव्हे

रोमन राण्यांबद्दलचा एक मजकूर बराच फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : सम्राटाशी लग्न झालं की बायको आपोआप ‘ऑगस्टा’, म्हणजे सम्राज्ञी व्हायची. पहिल्या सम्राटाने, ऑगस्टसने, बायको लिव्हियाला हा किताब देऊन प्रथा पाडली. एका वेळी ऑगस्टा एकच असे. तिला नवऱ्याच्या बरोबरीचे अधिकार असत. आणि ‘मातेर कास्त्रोरुम’ (छावण्यांची माता) झालेली राणी सैन्याची सेनापती असे.

यातलं एकही विधान टिकत नाही. बरीचशी गडबड ‘सम्राज्ञी’ या भाषांतराने केली आहे. सम्राज्ञी म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर सिंहासन येतं, राज्याभिषेक येतो. ऑगस्टा हे मुळात पद नव्हतंच, तो नावाला जोडायचा बहुमान होता. ‘ऑगस्टस’ हा शब्द सिनेटने इ.स.पू. 27 मध्ये ऑक्टेव्हियनला, म्हणजे त्या पहिल्या सम्राटालाच, दिला, त्याचं हे स्त्रीलिंगी रूप. ‘इंपेरातोर’ (सेनापती, पुढे सम्राट) या शब्दाचं असं स्त्रीलिंगी रूप अधिकृत किताब म्हणून कधीच वापरात आलं नाही, यातच बरंच काही आलं.

आता आधी लिव्हिया. नवरा हयात असेपर्यंत ती लिव्हियाच होती. इ.स. 14 मध्ये ऑगस्टस वारला, मृत्युपत्र उघडलं, आणि त्यात त्याने तिला यूलियस घराण्यात दत्तक घेतल्याचं निघालं. तेव्हापासून ती ‘यूलिया ऑगस्टा’. म्हणजे हे नाव तिला पत्नी म्हणून नव्हे, तर विधवा आणि (कायद्याने!) नवऱ्याची मुलगी म्हणून मिळालं. त्या वेळी गादीवर होता तिचा मुलगा तिबेरियस. तिला ‘राष्ट्रमाता’ म्हणावं असं सिनेटमध्ये सुचवलं गेलं, तेव्हा मोडता घातला तो यानेच. शिलालेख वाचताना इथे हमखास एक चूक होते. ‘यूलिया ऑगस्टा’ दिसलं की लोक ऑगस्टसची मुलगी यूलिया समजतात. ती यूलिया इ.स.पू. 2 मध्येच हद्दपार झाली होती आणि हा किताब तिला कधीच मिळाला नाही.

‘लग्न झालं की आपोआप’ या दाव्याला तर पहिली काही दशकंच पुरतात. सम्राट कॅलिगुलाच्या चार बायकांपैकी एकही ऑगस्टा नव्हती. त्याने इ.स. 37 मध्ये हा मान देऊ केला तो आजीला, अंतोनियाला, आणि तिने तो नाकारला. तिच्या मृत्यूनंतर तिचा मुलगा, पुढचा सम्राट क्लॉडियस याने तो पुन्हा बहाल केला. ही बाई कोणत्याही सम्राटाची बायको नव्हती. क्लॉडियसला इ.स. 41 मध्ये मुलगा झाला तेव्हा त्याच्या बायकोला, मेसालिनाला, ऑगस्टा करण्याचा प्रस्ताव आला, तो त्याने फेटाळला. हयात सम्राटाची बायको असताना हा किताब मिळवणारी पहिली स्त्री म्हणजे क्लॉडियसची पुढची बायको आणि नीरोची आई अग्रिपिना, आणि तीही लग्नानंतर वर्षभराने, इ.स. 50 मध्ये. नीरोची पहिली बायको ऑक्टेव्हिया सम्राटाची मुलगी आणि सम्राटाची पत्नी असूनही कोरीच राहिली. नीरोच्या दुसऱ्या बायकोला, पॉपियाला, इ.स. 63 मध्ये किताब मिळाला तो लग्नामुळे नव्हे, मुलगी झाली म्हणून. तो त्या तान्ह्या मुलीलाही मिळाला आणि ती चार महिन्यांच्या आत वारली. चार महिन्यांच्या सम्राज्ञीने काय राज्य केलं, हे त्या मजकुराच्या लेखकाने सांगावं.

पुढेही तेच. ट्रेजनची पत्नी प्लोतिना आणि बहीण मार्कियाना या दोघींनी सुरुवातीला किताब घेतला नाही. कारण तेव्हा ट्रेजनने स्वतः ‘राष्ट्रपिता’ ही पदवी स्वीकारली नव्हती. इ.स. 193 मध्ये सिनेटने पेर्टिनाक्सच्या बायकोसाठी ठराव केला, तर नवऱ्यानेच नको म्हटलं. सर्वांत बोलकं उदाहरण मात्र धाकट्या फाउस्तिनाचं. 30 नोव्हेंबर 147 रोजी तिला पहिलं मूल झालं आणि दुसऱ्याच दिवशी ती ऑगस्टा झाली. तिचा नवरा मार्कस ऑरेलियस तेव्हा नुसता ‘सीझर’, म्हणजे वारस होता. ऑगस्टस व्हायला त्याला इ.स. 161 उजाडलं. म्हणजे तेरा वर्षांहून अधिक काळ बायको ऑगस्टा आणि नवरा सीझर! तिला किताब मिळाला तो सम्राट अंतोनिनस पायसची मुलगी म्हणून. तिच्या नाण्यांवर तेच लिहिलं आहे : ‘फाउस्तिनाए आउग पिइ आउग फिल’, म्हणजे ‘पायस ऑगस्टसची कन्या फाउस्तिना ऑगस्टा हिला’.

नाण्यावरचा हा लेख नीट वाचायला हवा, कारण ‘आउग’ ही तीन अक्षरं दोनदा येतात. पहिली तिची, ऑगस्टा. दुसरी वडिलांची, ऑगस्टस. संक्षेपात लिंग दिसत नाही, ते शेजारच्या नावावरून ओळखायचं. शेवटचा ‘ग’ दोनदा कोरला असेल तर दोन सम्राट, तीनदा असेल तर तीन. सम्राट दोमिशियनची बायको दोमितिया हिच्या नाण्यावर ‘दोमितिया आउगुस्ता इम्प दोमित’ असतं. त्यातलं ‘इम्प’ बायकोला चिकटवून तिला ‘सम्राट दोमितिया’ करणारेही भेटतात. ते नवऱ्याचं आहे : ‘इंपेरातोर दोमिशियनची’. नावाआधी ‘दिवा’ असेल तर बाई वारली आहे आणि तिला देवत्व दिलं आहे. आणि नावच नसेल तर घाई करू नये. दक्षिण भारतात, विशेषतः कोइमतूर भागात, तिबेरियसची सोन्याचांदीची नाणी सापडतात. त्यांच्या मागच्या बाजूला बसलेली स्त्री लिव्हियाच, असं सर्रास सांगितलं जातं. कोरलेलं आहे ते फक्त ‘पोंतिफ माक्सिम’, सम्राटाचं धर्मपद. ती लिव्हिया असेलही, पण नाणं तसं म्हणत नाही.

‘एका वेळी एकच’ हे दोन ओळींत निकालात निघतं. इ.स. 112 मध्ये 29 ऑगस्टला मार्कियाना वारली, आणि प्लोतिना हयात ऑगस्टा असताना त्याच दिवशी मार्कियानाची मुलगी मातिदिया ऑगस्टा झाली. सम्राट एलागाबालसच्या काळात तर आजी, आई आणि बायको अशा तिघी होत्या.

अधिकारांचं म्हणाल तर ऑगस्टाला सेनाधिकार नव्हता, ट्रिब्यूनचा (जनतेच्या प्रतिनिधी अधिकाऱ्याचा) अधिकार नव्हता, सिनेटमध्ये जागा नव्हती. मिळायचं ते दिसण्यातलं : नाण्यावर चेहरा, शहरात ‘कार्पेंतुम’ या छपराच्या गाडीतून फिरण्याचा मान, नाट्यगृहात वेस्टा देवीच्या पुजारणींबरोबर आसन. वजन असे ते त्या बाईचं आणि तिच्या नात्याचं. अग्रिपिनाचंच पाहा. नीरोच्या सुरुवातीच्या काळात सिनेटच्या सभा राजवाड्यात बोलावल्या जात, म्हणजे तिला पडद्याआड उभं राहून ऐकता यावं. बरोबरीचा अधिकार असता तर पडदा कशाला लागला असता? आर्मेनियाचे दूत आले असताना ती सम्राटाच्या चौथऱ्यावर चढायला निघाली, तेव्हा नीरोचा गुरू सेनेका याने त्याला उठून आईला सामोरं जायला सुचवलं. वरवर मातृभक्ती दिसली आणि चौथरा वाचला. कायद्याचं उत्तर रोमन कायदेपंडित उल्पियनने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला देऊन ठेवलं आहे : सम्राट कायद्यांच्या बंधनातून मोकळा आहे, ऑगस्टा मोकळी नाही, मात्र सम्राट स्वतःला असलेल्या सवलती तिला देतात.

‘मातेर कास्त्रोरुम’चा शब्दार्थ ‘छावण्यांची माता’. हा किताब प्रथम धाकट्या फाउस्तिनाला इ.स. 174 मध्ये मिळाला, कारण मोहिमेवर ती नवऱ्यासोबत होती. सम्राट सेप्टिमियस सेवेरसची पत्नी यूलिया दोम्ना हिला तो 195 मध्ये मिळाला. नाण्यांवर ही माता ध्वजांसमोर आहुती देताना दिसते; फौज हाकताना नव्हे. पुढे दोम्नाच्या नावापुढे ‘सिनेटची आणि राष्ट्राची माता’ हेही लागलं. म्हणून ती सिनेटची अध्यक्ष झाली, असं कोणी म्हणत नाही.

आणि किताब दिला म्हणजे तो सगळीकडे चालला, असंही नाही. पश्चिमेचा सम्राट तिसरा कॉन्स्टँटियस याची पत्नी गाला प्लासिदिया हिला इ.स. 421 मध्ये पश्चिमेत ऑगस्टा केलं, तर कॉन्स्टँटिनोपलच्या पूर्वेकडच्या सम्राटाने, दुसऱ्या थिओडोसियसने, ते मान्य केलं नाही. दोन-तीन वर्षांतच पश्चिमेत योहानेस नावाच्या बंडखोराने गादी बळकावली, आणि त्याला हटवायला तिच्या लहान मुलाचा वारसाहक्क पुढे करायची वेळ आली. मग तोच किताब कॉन्स्टँटिनोपललाही मान्य झाला.