‘केस जरा ओलसर ठेवा, वाफ निघाली की समजा काम झालं’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

‘मुलीसाठी पहिला स्ट्रेटनर घेताय? पैसे वाया घालवू नका, हे सहा मुद्दे वाचा’ असा एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. पालकांच्या ग्रुपवरून तो ताईकडे आला, ताईने भाचीला दाखवला, आणि १३ वर्षांच्या भाचीने मला मेसेज टाकला की मावशी, २३० डिग्रीवाला स्वस्तात मिळतोय, तोच घेऊ ना? मग मी तो पूर्ण वाचला आणि खरं सांगायचं तर संताप आला. कारण हे ज्यांच्यासाठी लिहिलंय त्या मुलींनी हातात असली वस्तू पहिल्यांदाच धरलेली असणार, आणि सांगितलंय ते नेमकं उलटं.

दावे थोडक्यात असे. सिरॅमिक असेल तर केसांना काहीच होत नाही. जितका जास्त तापेल तितका चांगला, एकदाच फिरवावा लागतो. इस्त्री जशी ओलसर कपड्यावर छान फिरते तसे केसही जरा ओलसर ठेवा, वाफ निघाली म्हणजे काम होतंय. आधी खोबरेल लावा. कोवळ्या वयात रोज केलं की केस कायमचे सरळ होतात. आणि शेवटी, स्वस्त-महाग सगळे सारखेच, टेंपरेचर कंट्रोलला जास्तीचे पैसे घालू नका.

सिरॅमिकचं आधी उरकते. स्वस्त स्ट्रेटनरमध्ये बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर सिरॅमिकचं पातळ कोटिंग असतं. त्याने उष्णता जरा सारखी पसरते आणि केस अडकत नाहीत, एवढा फायदा आहे, नाही असं नाही. पण २०० डिग्री ही सिरॅमिकवरही २०० डिग्रीच असते. आणि ते कोटिंग प्लेटच्या कडेला उडतं, आधी टाचणीएवढं, मग रेघ पडते, तिथून नख फिरवलं तर खरखर लागते. तिथेच केस ओढले जातात आणि तुटतात. घेताना प्लेटच्या कडा बघा, प्लेट्स मिटल्यावर मध्ये फट राहते का ते बघा, खोक्यावर काय छापलंय ते नंतर वाचा.

आता ओलसर केसांचा मुद्दा. सगळ्यात घातक हाच आहे आणि फॉरवर्डमध्ये सगळ्यात जास्त खात्रीने हाच सांगितलाय. केस स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी शोषून घेतो, म्हणजे टॉवेलने पुसल्यावर वरून कोरडा वाटणारा केसही आतून ओला असू शकतो. त्यावर तापलेल्या प्लेट्स दाबल्या की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते, तिला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, आणि ती केसाच्या आत फुगून पोकळ्या करते. चर्र आवाज येतो ना, आणि वाफेची रेघ दिसते, ती बघून फॉरवर्डवाले खूश होतात. डॉक्टरांकडे याला नाव आहे, ‘बबल हेअर’. मायक्रोस्कोपखाली केसाच्या आत खरोखर बुडबुडे दिसतात, आणि जिथे बुडबुडा तिथे केस तुटतो. हाताला असे केस राठ, गवतासारखे लागतात, टोकं मध्येच तुटून आखूड बटा उभ्या राहतात आणि मग आई म्हणते, हिचे केस गळायला लागलेत. गळत नसतात, अर्ध्यातून तुटत असतात.

हे माझं मत नाही. ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मॅटॉलॉजीमध्ये १९९४ साली यावर लेख आलाय. त्यात दाखवलंय की केस कुरळे करायचा गरम टाँग फक्त १२५ डिग्रीला मिनिटभर लावला तरी असे बुडबुडे होऊ शकतात, आणि हेअर ड्रायर १७५ किंवा त्यावर तापत असेल तर त्यानेही. आता १२५ हा आकडा लक्षात घ्या, कारण बऱ्याच स्ट्रेटनरचं सगळ्यात कमी सेटिंगच त्याच्या आसपास किंवा वर असतं. मान्य, स्ट्रेटनर कोणी मिनिटभर एका जागी धरत नाही, पण हा मेसेज तर २३० डिग्रीवाला घ्यायला सांगतोय, आणि पहिल्यांदा करणारी मुलगी मागची बट हाताला लागत नाही म्हणून तिथेच थांबून राहते, परत परत फिरवते, घरात कोणी बघत नसतं.

म्हणून केस वाळलेत की नाही हे वरवर बघून ठरवू नका. दाट किंवा कुरळे केस असतील तर मानेजवळच्या आतल्या बटा सगळ्यात शेवटी वाळतात, त्या बोटांत धरून बघा, गार लागल्या तर अजून ओल आहे, थांबा. आणि हीट प्रोटेक्टंटचा, म्हणजे उष्णतेपासून केस वाचवायला मारतात तो, स्प्रे मारून लगेच प्लेट लावणं म्हणजे पुन्हा तेच. तो स्प्रेही आधी वाळू द्यायचा असतो, हे कुणी सांगतच नाही. ओल्या केसांसाठी म्हणून फटी असलेले स्ट्रेटनर मिळतात ते मला माहीत आहे, १३ वर्षांच्या मुलीला मी तेही देणार नाही.

आणि ती इस्त्रीची उपमा! इस्त्रीच वापरायची तर नीट वापरा. इस्त्रीचा डायल बघा, कॉटन वेगळं, वूल वेगळं. कपड्यांच्या आत जी काळजीची खूण शिवलेली असते तिच्यात तीन टिंबं म्हणजे जास्तीत जास्त साधारण २०० डिग्री, ते कॉटनसाठी. लोकरीला दोन टिंबं, म्हणजे साधारण १५०. आता लोकर कशाची बनते? केराटिन नावाच्या प्रोटीनची. आपला केस कशाचा? त्याच केराटिनचा. लोकरीच्या स्वेटरवर कुणी २३० डिग्रीची इस्त्री ठेवेल का? डोक्यावर मात्र ठेवायला सांगताय.

यातच ‘जास्त तापमान, एकदाच फिरवा’चं उत्तर आलं. त्यात अर्ध सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. कमी तापमानाला एकच बट सात-आठ वेळा घासणं हेही वाईटच, आणि फेरे कमी हवेत हे बरोबर आहे. पण त्यासाठी बट पातळ घ्यायची, आधी नीट विंचरायची आणि हात न थांबवता वरून खाली एकदा, फार तर दोनदा न्यायचा. तापमान वाढवणं हा उपाय नव्हे. मी भाचीला सांगितलं १५० पासून सुरू कर, केस ऐकतच नसतील तर १८० पर्यंत जा, त्यावर नाही. २३० चा आकडा खोक्यावर मोठ्ठा छापतात कारण तो विकला जातो, एवढंच.

खोबरेलाचंही अर्ध खरं आहे. ते केसात मुरतं आणि धुताना केसातलं प्रोटीन कमी जातं, हे अभ्यासात दिसलंय, म्हणून धुण्याआधी लावा की, कोण नको म्हणतंय. पण प्लेट लावायच्या आधी? घाण्याचं, रिफाइंड न केलेलं खोबरेल साधारण १७५ डिग्रीच्या पुढे धुरायला लागतं. म्हणजे हा मेसेज जे तापमान सांगतोय त्यावर तेल केसावरच जळणार, प्लेटला चिकट थर बसणार, आणि पुढच्या वेळी त्या थराला केस चिकटून ओढले जाणार. त्यात कपाळाजवळ ओघळलं तर पोळेल ते वेगळंच.

‘रोज केलं की कायमचे सरळ होतात’ हे वाचून मी फोन बाजूला ठेवला. केस कुरळा उगवतो तो मुळाच्या आकारामुळे, त्वचेच्या आत. तुम्ही बाहेर कितीही प्लेट फिरवा, मुळाला ते कळत नाही. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर नवीन केस येतो आणि तो तसाच कुरळा येतो. उष्णतेने केसातले हायड्रोजन बंध, म्हणजे केसाला आकारात धरणारे कच्चे दुवे, तुटून पुन्हा जुळतात म्हणून केस सरळ दिसतो, आणि पाणी लागलं की ते बंध परत सुटतात, म्हणून धुतल्यावर आधीसारखा होतो. धुतल्यावरही कुरळेपणा परत येत नसेल तर केस सुधारला नाही, खराब झाला. बाहेर आलेला केस मेलेला असतो, मग मुलगी १३ ची असो की बाई ४० ची, तो स्वतःला दुरुस्त करत नाही. ‘कोवळं वय’ वगैरेने काही फरक पडत नाही. हां, वयात येताना हार्मोन्समुळे काही मुलींच्या केसांचा पोत बदलतो, सरळचे कुरळे होतात किंवा उलटही, आणि तेवढ्यात स्ट्रेटनर आलेला असतो, मग श्रेय त्याला मिळतं. आणि रोज तर नकोच. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजी ही तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते की कोरड्या केसांवर, लो किंवा मीडियम हीटवर, आणि रोज नाही.

स्वस्त-महागबद्दल मी फॉरवर्डशी अर्धी सहमत आहे. महागडा घ्यायची खरंच गरज नाही, शिकणाऱ्या मुलीला तर नाहीच. टूरमलीन, टायटॅनियम, आयन असल्या शब्दांना पैसे देऊ नका. पण कंट्रोलला पैसे घालू नका म्हणणं हा मूर्खपणा आहे, कारण बजेट कमी असताना पैसे घालावेत अशी मुळात तीच गोष्ट आहे. ज्याला फक्त चालू-बंदचं बटण आहे तो किती तापतो हे कळायला मार्गच नाही. डिजिटल स्क्रीन नसली तरी चालेल, दोन-तीन पायऱ्यांचं सेटिंग असलं आणि त्यांच्या डिग्री लिहिलेल्या असल्या तरी पुरे. दुसरी गोष्ट ऑटो शट-ऑफ, म्हणजे काही वेळाने आपोआप बंद होण्याची सोय, कारण या वयात मुली शाळेच्या घाईत तो चालूच ठेवून निघतात, आणि खाली गादी नाहीतर टॉवेल असतो.

भाजण्याबद्दल तर त्या सहा मुद्द्यांत एक अक्षर नाही. बटण बंद केल्यावरही प्लेट्स बराच वेळ चटका बसेल इतक्या गरम राहतात, घरात लहान भावंडं असतील तर वायर लोंबकळत ठेवू नका, ओढून घेतात. कानाला किंवा मानेला लागलंच तर २० मिनिटं नळाचं साधं गार पाणी, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, आणि फोड आला किंवा डोळ्याजवळ असेल तर डॉक्टर.

ताईने घरातला जुना स्ट्रेटनर देऊ का असंही विचारलं. द्यायचा असेल तर आधी वायर हँडलला जिथे जोडलीय तिथे वाकवून बघ, प्लगमधून काढून. तिथेच ती पिळून पिळून फाटते. आवरण फाटलेलं किंवा टेप लावलेलं असेल तर नको, नवीनच घे.