‘कर्ज पत्त्यावर चढतं’ म्हणे! जुन्या भाडेकरूच्या वसुलीपत्रांवरचा तो मेसेज

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. वर लाल दिवे, खाली ‘सर्वांना पाठवा’. मजकूर थोडक्यात असा. घरात आधी राहून गेलेल्या माणसाच्या नावाने बँकेचं किंवा वकिलाचं पत्र आलं तर (१) हातात घेऊ नका, ‘रिफ्यूज’ करा, सही केलीत की तुम्ही जामीनदार. (२) कर्ज पत्त्यावर चढतं, तुमचा सिबिल घसरतो. (३) वसुलीवाले घरातला टीव्ही-फ्रिज उचलू शकतात. (४) लोकअदालतीच्या नोटिशीला गेलं नाही तर वॉरंट निघतं. (५) सगळ्यात सोपं म्हणजे दारात आलेल्या एजंटाला दोन-पाच हजार द्या आणि ‘पत्त्याची एनओसी’ घ्या.

आमच्या आत्याने हा मेसेज पाठवला तो ‘पैसे गूगल पेने दिले तर चालतील ना?’ असं विचारत. म्हणून शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण खिशाला भोक तिथे पडतं.

बँक ना-हरकत दाखला देते तो कर्जदाराला, कर्ज फिटल्यावर. खातं तुमचं नाही, कर्ज तुम्ही घेतलं नाही, मग तुम्हाला हरकत नसल्याचं कोण आणि कशाबद्दल लिहून देणार? दिलेले पैसे दोनच ठिकाणी जाऊ शकतात. एक, एजंटाच्या खिशात. दोन, त्या अनोळखी माणसाच्या कर्जखात्यात, म्हणजे त्याला तुमच्याकडून आहेर. मुदत कायद्याच्या (१९६३) कलम १९ प्रमाणे अंशतः परतफेडीने वसुलीचा दावा करायची मुदत वाढायची तर ती देणेकऱ्याने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने केलेली असावी लागते. तुमच्या दोन हजारांना तेवढंही वजन नाही. उलट यूपीआयने पैसे गेले की तुमचं नाव आणि कधीकधी मोबाईल नंबरही समोरच्याकडे जातो. इथे पैसे सुटतात हे एकदा कळलं की पुढचे फोन तुम्हालाच.

एजंटाला दारात कसं हाताळायचं याचं उत्तर रिझर्व्ह बँकेनेच देऊन ठेवलंय. २४ एप्रिल २००८ च्या परिपत्रकात बँकांना सांगितलंय की वसुली एजंटाजवळ बँकेचं अधिकारपत्र, नोटिशीची प्रत आणि ओळखपत्र असायला हवं. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात धाकदपटशा, चारचौघांत अपमान, कर्जदाराच्या घरच्यांच्या किंवा मित्रांच्या खासगीपणात घुसखोरी, सगळ्याला मनाई आहे; थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोनही करायचा नाही. जिथे कर्जदाराच्या सख्ख्या भावाला छळता येत नाही, तिथे त्याच्यानंतर फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या तिऱ्हाइताला काय म्हणून?

तेव्हा सेफ्टी डोअर बंद ठेवूनच बोला. तिन्ही कागद दाखवायला सांगा, ओळखपत्राचा फोटो घ्या. आपला नोंदणी केलेला भाडेकरार किंवा इंडेक्स टू (घरखरेदीच्या नोंदणीचा उतारा) आतूनच धरून दाखवा, नाव आणि तारीख दिसेल इतपत. आधार, पॅन, स्वतःचा नंबर, घरमालकाचा नंबर यातलं काही देऊ नका. ‘आत येऊन बघतो’ला उत्तर ‘नाही’. दार ढकललं किंवा धमकी दिली तर ११२. भारतीय न्याय संहितेत घरात घुसण्यासाठी कलम ३२९ आणि धमकीसाठी कलम ३५१ आहे. एवढं शांतपणे म्हटलं तरी पुष्कळ जण जिना उतरतात. आणि वॉचमनला सांगून ठेवा, जुन्या नावाने कोणी आलं तर वर सोडण्याआधी इंटरकॉम करायचा.

आता ‘रिफ्यूज करा’. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण घोळ इथूनच सुरू होतो. पोस्टमनचा ‘रिफ्यूज्ड’ हा शेरा नाव असलेल्या माणसाला लागू होतो. योग्य पत्त्यावर, टपालखर्च भरून, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेलं पत्र पोचलं असं गृहीत धरण्याची तरतूद जनरल क्लॉजेस ॲक्टच्या (१८९७) कलम २७ मध्ये आहे, आणि घेण्यास नकार दिलेलं पत्र पोचलेलंच धरतात. म्हणजे तुम्ही नकार दिलात की बँकेच्या कागदावर चित्र असं: आपला कर्जदार इथेच राहतो, मुद्दाम पत्र टाळतोय. मग पुढचं पत्र इथेच येणार आणि माणूसही इथेच येणार. ज्या मेसेजने पत्रं बंद व्हायची, तोच ती सुरू ठेवतो.

हवा असतो तो ‘लेफ्ट’ हा शेरा. पोस्टमनला स्पष्ट सांगा, ‘हे इथे राहत नाहीत, सोडून गेले, लेफ्ट लिहा.’ तो त्याच्या मोबाईलवर कारण निवडतो, ते निवडेपर्यंत थांबा. साधं टपाल पेटीत पडलं असेल तर पाकीट न फोडता पुढच्या बाजूला पेनने लिहा: ‘सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही. पाठवणाऱ्यास परत.’ पत्त्यावर एक तिरकी रेघ मारा, पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र झाकू नका, आणि टपालपेटीत टाका किंवा पोस्टमनच्या हाती द्या. कुरिअर असेल तर डिलिव्हरीच्या मुलालाच परत न्यायला सांगा. कुरिअरचं पाकीट लाल पेटीत टाकून काही होत नाही.

आणि चुकून कोणी सही करून घेतलंच, मुलाने किंवा वॉचमनने, तर आभाळ कोसळत नाही. जामीन राहायला बँकेशी तसा करार लागतो. पोस्टमनच्या स्क्रीनवर बोटाने मारलेली रेघोटी म्हणजे करार नव्हे.

टीव्ही-फ्रिजचं काय? एजंट तुमच्या घरातलं काहीही उचलू शकत नाही. घरातल्या वस्तूंवर जप्ती येते ती कोर्टाच्या हुकमाने, बेलीफ वॉरंट घेऊन येतो तेव्हा, आणि तीही देणेकऱ्याच्या मालकीच्या वस्तूंवर. बेलीफ चुकून तुमच्या दारात आलाच तर हुज्जत घालू नका. करार दाखवा, वस्तूंची बिलं दाखवा, आणि तरीही जप्ती झाली तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ५८ खाली त्याच कोर्टात हरकत घेता येते.

इथे एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. कर्ज पत्त्यावर चढत नाही, पण फ्लॅटवर चढू शकतं. फ्लॅटच गहाण असेल तर प्रकरण वेगळं. नोटिशीवर सरफेसी कायदा (२००२; बँकेला कोर्टात न जाता गहाण मालमत्तेवर कारवाई करू देणारा), कलम १३(२) असं दिसलं आणि खाली मालमत्तेच्या वर्णनात तुमचाच फ्लॅट नंबर, इमारत, प्लॉट असेल, तर ‘लेफ्ट’ लिहून मोकळं होऊ नका. त्या नोटिशीत कर्जदाराला ६० दिवस असतात. मग कलम १३(४) खाली ताबा, आणि ताब्याची नोटीस दारावर चिकटवतात व दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. दारावरची नोटीस फाडू नका, फोटो काढा. भाड्याने राहत असाल तर त्याच दिवशी घरमालकाला गाठा. थकबाकीदार पुष्कळदा तोच निघतो. बँकेच्या ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात कलम १७ खाली अर्जाला ४५ दिवस असतात, आणि तिथे नोंदणी न केलेल्या भाडेकराराला कोणी विचारत नाही, तेव्हा वकील लवकर गाठा. घर विकत घेतलं असेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर जुने दस्त आणि सरसाईवर (गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंदणी) गहाणाची नोंद बघून घ्या. खरं तर हे टोकन देण्याआधीच बघायचं असतं.

तसंच मालमत्ता कर, वीजबिल आणि सोसायटीची थकबाकी. ही बँकेची वसुली नव्हे आणि ती झटकून टाकता येत नाही. मालमत्ता कराचा पहिला बोजा मिळकतीवरच असतो, आणि जुन्या वीजग्राहकाची थकबाकी नियमांनुसार नव्या मालकाकडे मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलंय. महापालिकेचं किंवा महावितरणचं पाकीट जुन्या नावाने आलं तर ते बाजूला ठेवा आणि नावबदलाच्या मागे लागा.

सिबिलवर फार शब्द खर्च करत नाही. नोंद होते माणसाच्या पॅन, नाव, जन्मतारखेवर. पत्ता त्यात असतो, पण एका पत्त्यावरून दोन अनोळखी माणसांची कर्जं एक होत नाहीत. भीती वाटत असेल तर चारही क्रेडिट माहिती कंपन्या वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट देतात, काढून बघा.

लोकअदालतीचंही तेच. दाखलपूर्व, म्हणजे दावा कोर्टात जाण्याआधीच्या, प्रकरणाची नोटीस म्हणजे तडजोडीचं बोलावणं. न गेल्याने वॉरंट निघत नाही. त्यातून ती तुमच्या नावाची नाहीच. कोर्टाचं समन्स मात्र वेगळं: बेलीफला सांगा की हा माणूस कधीपासून इथे नाही, आणि तसा शेरा मारून घ्या, नाहीतर तो समन्स दारावर चिकटवून जाईल.

पत्रं खरोखर थांबवायची असतील तर बँकेला एकदा लेखी कळवा, शाखेला नव्हे, तक्रार निवारण किंवा नोडल अधिकाऱ्याला. पत्ता बँकेच्या वेबसाइटवर असतो. चार ओळी पुरतात: अमुक नावाने पत्रं येतात, आम्ही अमुक तारखेपासून इथे राहतो, त्या व्यक्तीशी संबंध नाही, पत्ता नोंदीतून काढून वसुली एजन्सीलाही कळवा. सोबत पाकिटाच्या पुढच्या-मागच्या बाजूचा फोटो आणि कराराचं पहिलं पान, भाड्याचा आकडा झाकून. पाकिटाच्या खिडकीतून संदर्भ क्रमांक दिसत असेल तर तो टाका, त्यासाठी पाकीट फोडू नका. ३० दिवसांत काही हललं नाही तर तीच तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर, पोच जोडून. एका पत्राने मात्र सगळं थांबेल असं समजू नका. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं की जुना पत्ताही सोबत जातो, आणि तेच चार ओळींचं पत्र नव्या नावाने पुन्हा पाठवावं लागतं.

नवी मुंबईकरांनी आधी पिनकोड बघावा. सेक्टर १० वाशीतही आहे आणि खारघरलाही. वाशीत राहताय आणि तिथल्या ४००७०३ च्या जागी खारघरचा ४१०२१० दिसला तर तो माणूस तुमच्या घरात कधी राहिलेलाच नसेल.

आणि खाली जिन्याजवळच्या लेटरबॉक्सवर जुन्या भाडेकरूच्या नावाची पट्टी अजून तशीच असेल, तर आधी ती खरवडून काढा. पोस्टमन तीच वाचून पत्र टाकतो.